आरक्त गालांच्या विरोधात

मराठी कथा-कादंबरीत लाजणाऱ्या माणसाचे, खरे तर लाजणाऱ्या मुलीचेच, गाल आरक्त होतात. कधी ते ‘गुलाबी’ होतात, कधी त्यांवर ‘लाली चढते’, तर कधी ‘रक्तिमा पसरतो’. विशेषण बदलते, रंग बदलत नाही. नायिका कोकणातली असो, खानदेशातली असो की मराठवाड्यातली, शेतात खुरपणारी असो की महाविद्यालयात शिकणारी, लाजेचा प्रसंग आला की लेखक तोच एक रंग काढतो आणि तिच्या गालांना फासतो. हे इतके अंगवळणी पडले आहे की वर्णन ही कोणीतरी पाहून लिहायची गोष्ट असते, याचाच आपल्याला विसर पडला आहे.

प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, बहुसंख्य मराठी चेहऱ्यांपुरते हे वर्णन खोटे आहे. ते खोटे आहे हे शरीरशास्त्र सांगते, महाराष्ट्री प्राकृतातली जुनी कविता सांगते आणि आपली रोजची बोलीही सांगते. सांगत नाहीत ते आपले लेखक. आणि त्यांना विचारत नाहीत ते आपले समीक्षक व प्राध्यापक.

परीक्षेसाठी एक गाव घेऊ. साखरा हे हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातले गाव. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा सोयाबीन, तूर, कापूस आणि हळद यांचा. वैशाखातले ऊन इथे चाळीस अंशांच्या पुढे जाते. इथल्या माणसांचे रंग सांगायला बोलीत शब्दांची कमतरता नाही: सावळा, काळासावळा, गव्हाळ, निमगोरा, उन्हाने रापलेला. आता अशा गावातली दहावीतली एखादी सावळी मुलगी फळ्यापाशी उभी आहे, उत्तर चुकले आहे आणि वर्ग हसला आहे अशी कल्पना करा. काय दिसते? मान खाली जाते. ओढणीचे टोक बोटाभोवती गुंडाळले जाते. आवाज घशात अडकतो. वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब येतात. आणि नीट पाहिले तर चेहरा किंचित गडद झालेला दिसतो. ती लाल होत नाही. मग ती लाजली नाही काय?

शरीरशास्त्राचे उत्तर निःसंदिग्ध आहे. लाज म्हणजे रंग नव्हे. लाज म्हणजे चेहऱ्याकडे धावणारे रक्त. चेहऱ्याच्या, विशेषतः गालांच्या आणि कानांच्या त्वचेत सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे दाट असते, आणि त्या पृष्ठभागाच्या जवळ असतात. संकोचाच्या क्षणी अनुकंपी चेतासंस्था कामाला लागते. छातीच्या वरच्या भागात मज्जारज्जूतून निघालेले तिचे तंतू मानेतल्या गंडिकांतून वर चेहऱ्याकडे जातात आणि त्या वाहिन्या रुंदावतात. १९८२ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवले की मानवी चेहऱ्यावरच्या शिरेत ॲड्रेनॅलिनसदृश द्रव्यांना प्रतिसाद देऊन शिर सैल करणारे बीटा ग्राही असतात. लाजण्याची यंत्रणा इथे असावी असे त्यांनी सुचवले. १९८७ मध्ये पीटर ड्रमंड आणि जेम्स लान्स यांनी असे रुग्ण अभ्यासले की ज्यांच्या चेहऱ्याच्या एका बाजूला जाणारा हा चेतामार्ग बिघडला होता. अंग तापवल्यावर त्या बाजूला ना लाली आली, ना घाम. म्हणजे चेहऱ्यावरची लाली हे नुसते रक्ताचे उधाण नव्हे. चेतासंस्थेने मुद्दाम उघडलेले ते दार आहे.

याच संस्थेचा दुसरा गुण लेखकांनी ध्यानात घेण्याजोगा आहे. चेहऱ्यावरच्या वाहिन्या ती ज्या क्षणी उघडते त्याच क्षणी बोटांतल्या वाहिन्या ती आवळू शकते. म्हणून कानशिले तापतात आणि हात मात्र गार पडतात. ‘कान गरम झाले’ आणि ‘हातपाय गार पडले’ हे बोलीतले दोन वाक्प्रचार एकाच यंत्रणेची दोन टोके सांगतात. चेहऱ्यावरच्या या रक्तावर माणसाची सत्ता चालत नाही. हसू आणता येते, रडू आणता येते. लाज ना आणता येते, ना थोपवता येते. उलट ‘बघा, कशी लाजली!’ असे कोणी म्हटले की ती वाढते.

आता रंगाचे. रक्तवाहिन्या असतात अंतस्त्वचेत आणि मेलॅनिन हे रंगद्रव्य असते तिच्या वरच्या बाह्यत्वचेत. बाहेरचा उजेड मेलॅनिनच्या पडद्यातून आत जातो, रक्तावर पडतो आणि पुन्हा त्याच पडद्यातून डोळ्यापर्यंत येतो. पडदा विरळ असेल तर रक्ताचा लाल रंग दिसतो. पडदा दाट असेल तर वाढलेले रक्त आणखी उजेड गिळते, आणि चेहरा लाल न दिसता गडद दिसतो. रक्त मात्र दोन्हीकडे वाढलेले असते. ते मोजणारी उपकरणे आहेत आणि त्यांना त्वचेच्या रंगाचे कौतुक नाही. साखऱ्याच्या सावळ्या मुलीचा चेहरा फळ्यापाशी तितकाच तापतो जितका लंडनमधल्या गोऱ्या मुलीचा. फरक पाहणाऱ्याला काय दिसते एवढाच आहे. आणि साहित्य हे पाहणाऱ्याचेच काम आहे.

कोणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीवर एवढा त्रागा कशाला? गाल लाल म्हटले काय अन् गडद म्हटले काय! त्यांनी या ‘एवढ्याशा गोष्टी’चा इतिहास पाहावा. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारे आणि स्वतः गुलाम बाळगणारे टॉमस जेफरसन यांनी व्हर्जिनियावरच्या आपल्या पुस्तकात १७८० च्या दशकात असा युक्तिवाद केला की, गोऱ्या चेहऱ्यावर प्रत्येक भावनेसरशी रंग कमी-जास्त होतो, आणि काळ्या चेहऱ्यावर मात्र सगळ्या भावना झाकणारा न हलणारा पडदा असतो. ज्याची लाज दिसत नाही त्याला लाजच नाही, आणि ज्याला लाज नाही त्याच्यावर विश्वास कसा ठेवावा, अशी ही तर्काची उतरंड. गुलामगिरीच्या समर्थकांना ती सोयीची होती. १८३९ मध्ये टॉमस बर्जेस या वैद्याने लाजेच्या शरीरक्रियेवर एक आख्खे पुस्तक लिहिले. आत्म्याची नैतिक अवस्था गालांवर उमटावी म्हणून ईश्वरानेच ही योजना केली, असा त्याचा सिद्धान्त. त्याच्याच निरीक्षणांत एक विलक्षण नोंद आहे. एका काळ्या स्त्रीच्या चेहऱ्यावर जुन्या जखमेचा व्रण होता, आणि तिथली त्वचा रंगहीन होती. तिच्याशी कोणी एकाएकी बोलले किंवा तिच्यावर क्षुल्लक आळ घेतला की तो व्रण लाल होई. सगळा चेहरा लाजत होता. दिसत होते ते फक्त जखमेच्या खिडकीतून.

ही नोंद डार्विनने १८७२ च्या ‘माणूस आणि प्राणी यांच्यातील भावनांची अभिव्यक्ती’ या ग्रंथात उद्धृत केली. लाजेला त्याने त्या ग्रंथात एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे. १८६७ मध्ये त्याने जगभर पाठवलेल्या प्रश्नावलीत लाजेवर एक प्रश्न होता, आणि त्यात त्वचेचा रंग लाली दिसू देत असेल तर, अशी सावध अट होती. काळ्या माणसांच्या चेहऱ्यावर लाजेच्या वेळी काळेपणा अधिक गडद होतो, असे बहुतेक निरीक्षकांनी त्याला कळवले. भारतातून त्याला उत्तर पाठवले ते कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातल्या जॉन स्कॉटने. त्याचे म्हणणे असे की, फिक्या वर्णाच्या लेपचा तरुणांच्या गालांवर, कानांच्या मुळाशी आणि मानेच्या बाजूंना पुसटशी लाली दिसते. इतर भारतीयांची लाज मात्र रंगातून दिसण्यापेक्षा वळवलेल्या किंवा खाली घातलेल्या मानेतून आणि भिरभिरत्या, तिरक्या नजरेतून अधिक स्पष्ट दिसते. आणि स्कॉटने लेपचांची ही लाली पाहिली केव्हा? खोटे बोलताना पकडल्यावर किंवा कृतघ्नतेचा ठपका ठेवल्यावर. म्हणजे साहेब मालक म्हणून समोर उभा राहून जाब विचारत असताना. लाज कोणाची, आणि ती वाचतो कोण, हा प्रश्न शरीरशास्त्राच्या ग्रंथातही सत्तेपासून सुटत नाही. आपल्या साहित्यात तो कसा सुटेल?

परंपरेचा दाखला देणाऱ्यांसाठी आता परंपरा. ‘आरक्त गाल’ हा संस्कृत साहित्याचा वारसा आहे, असे बचावादाखल सांगितले जाते. भरताने ‘नाट्यशास्त्रा’त मुखराग चार सांगितले: स्वाभाविक, प्रसन्न, रक्त आणि श्याम. यांतला शृंगाराला त्याने दिलेला मुखराग ‘प्रसन्न’ आहे. ‘रक्त’ दिला आहे तो वीर, रौद्र, करुण अशा ठिकाणी. आठ सात्त्विक भावांतल्या वैवर्ण्याची कारणे त्याने सांगितली ती थंडी, क्रोध, भय, श्रम, रोग, थकवा आणि ताप. यांतल्या भयाने रक्त चेहऱ्यावरून हटते आणि तापाने ते चेहऱ्याकडे येते. म्हणजे भरताचे वैवर्ण्य ही दोन्ही दिशांची रंगपालट आहे. आपल्या मार्गदर्शकांतून मात्र ‘वैवर्ण्य म्हणजे चेहरा पांढराफटक पडणे’ एवढेच छापले जाते, आणि विद्यार्थी तेवढेच लिहून गुण मिळवतात.

वर्गावर्गांतून शिकवले जाणारे दुसरे उदाहरण कालिदासाचे. ‘कुमारसंभवा’च्या सहाव्या सर्गात अंगिरा ऋषी हिमालयाकडे शिवासाठी मागणी घालतात, वडिलांच्या शेजारी उभी असलेली पार्वती खाली मान घालून हातातल्या कमळाच्या पाकळ्या मोजत राहते. आनंदवर्धनाने ध्वनीच्या विवेचनात हा श्लोक घेतला आणि तेव्हापासून लज्जा व्यंजित कशी होते ते सांगायला तोच दिला जातो. पार्वतीचे तर नावच गौरी. लाल गाल दाखवायची यापेक्षा चांगली संधी कोणत्या कवीला मिळणार? कालिदासाने तिथे गालांचा उच्चारही केला नाही. मान आणि बोटे त्याला पुरली.

आणि तिसरे उदाहरण आपल्या घरचे, गोदावरीकाठचे. पैठणच्या सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेल्या ‘गाथासप्तशती’त एक गाथा आहे. नांगरधाऱ्याच्या पोराने कानात जांभळीचे पान खोवले आहे. ठरलेल्या जागी तो जाऊन आला आणि आपण जाऊ शकलो नाही, हे त्या पानावरून ओळखून एक तरुणी त्याच्याकडे अर्ध्या डोळ्यांनी पाहते, आणि तिच्या मुखाची शोभा सावळते. होय, सावळते. गाथाकाराने त्यासाठी रंग गडद होण्याचे क्रियापद योजले आहे. नायिकेला तो ‘श्यामा’ म्हणतो. टीकाकार या शब्दाचा ‘षोडशवर्षीया’ असा अर्थ करतात. तो खुशाल घ्यावा. चेहऱ्याचे क्रियापद त्याने बदलत नाही. याच घाटाचा एक संस्कृत श्लोक मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त उदाहरणादाखल दिला आहे. तिथे पानाच्या जागी वंजुळाची मंजिरी आहे आणि तरुणीच्या मुखाची कांती मलिन होते. पदव्युत्तर वर्गात हा श्लोक दरवर्षी शिकवला जातो. व्यंग्य गौण का, वाच्य अधिक चमत्कारी का, यावर तासच्या तास जातात. चेहरा गडद झाला म्हणजे नेमके काय झाले, असे विचारणारा विद्यार्थी आणि सांगणारा शिक्षक किती वर्गांत असतील?

या गाथेत भावना लाजेची कमी, हुकलेल्या भेटीच्या खंतीची अधिक आहे, हे मान्यच आहे. मुद्दा असा की, भावनेच्या क्षणी सावळा चेहरा कसा पालटतो हे पाहणारा डोळा या प्रदेशाच्या कवितेत तेव्हा होता. तो बोलीत अजून आहे. ‘चेहरा काळवंडला’, ‘गोरामोरा झाला’, ‘तोंड उतरले’, ‘कानशिले तापली’, ‘खजील झाला’, ‘ओशाळला’, ‘वरमला’, ‘कानकोंडा झाला’: मराठीत शरमेच्या छटांसाठी केवढे शब्द आहेत! पण या शब्दांची वाटणी पाहा. गोड, हवीहवीशी लाज आली की चेहरा लाल. मानहानी झाली की चेहरा काळा. रक्त एकच, चेतातंतू तेच, वाहिन्या त्याच. लाल रंग सुखाच्या खात्यावर आणि काळा कलंकाच्या, ही विभागणी त्वचेखाली झालेली नाही. ती आपण केली आहे. ज्या जिल्ह्यात संत नामदेवांची नरसी आहे आणि जिथे सावळ्या विठ्ठलाचे रूप डोळे भरून पाहायची शतकांची सवय आहे, तिथल्या सावळ्या मुलीला प्रेमात लाजायचे तर कादंबरीकार आधी तिला गोरी करून घेतो.

आता मुख्य आक्षेप. हा संकेत आहे, आणि संकेताला वास्तवाच्या तराजूत कशाला तोलायचे? राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त कविसमय सांगितले: यश पांढरे, अपयश काळे, क्रोध आणि अनुराग लाल. बरोबर. परंतु राजशेखराने हेही स्पष्ट केले की कविसमय लोकात आढळत नाहीत, शास्त्रातही नाहीत, परंपरेने चालत येतात. त्याने संकेताला संकेत म्हणून ओळखपत्र दिले होते. आपली कादंबरी मात्र वास्तववादाची शपथ घेते. ती गावाचे नाव देते, दुष्काळाचे साल देते, नांगराच्या फाळापासून चुलीतल्या राखेपर्यंत सगळे तपशील देते, वाचकाला ‘हे मी पाहिले आहे’ असा भरवसा देते; आणि चेहऱ्यापाशी आल्यावर गुपचूप परंपरेच्या डब्यातला रंग काढते. कवितेत जो संकेत असतो तो साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून सांगितला की खोटी साक्ष होते. यावर ‘वाचकाला त्यातून ती लाजली एवढेच कळते’ असे उत्तर असेल तर ‘ती लाजली’ एवढेच लिहावे. मराठीला ते क्रियापद पुरते.

आणि हा हट्ट गोऱ्या वा गव्हाळ माणसांवर अन्याय करण्याचा नाही. ज्यांचे गाल लाल होतात त्यांचे तसेच लिहावे. विरोध लाल रंगाला नाही, त्याच्या मक्तेदारीला आहे. या मक्तेदारीची किंमत साहित्याबाहेरही मोजली जाते. वैद्यकाच्या पुस्तकांतली लाली आणि निळसरपणा गोऱ्या त्वचेवर पाहून लिहिलेला आहे. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर काळ्या रुग्णांत ऑक्सिजनची लपलेली घट गोऱ्या रुग्णांच्या जवळजवळ तिप्पट वेळा चुकवतो, असे २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसले. चेहरा न वाचता येणे ही केवळ शैलीची उणीव नसते.

एक चेहरा तर आपल्या साहित्याने जवळपास वाचलाच नाही. लाली फक्त लाजेने येत नाही. पाळी थांबण्याच्या वयात स्त्रीच्या शरीरातले इस्ट्रोजेन उतरते, मेंदूतल्या अधश्चेतकातले तापमानाचे नियंत्रण बिनसते, आणि काही कारण नसताना छातीतून मान-चेहऱ्याकडे उष्णतेची लाट चढते; घाम फुटतो, छाती धडधडते, काही मिनिटांत सगळे ओसरते. बायका आपापसांत याला ‘अंगातून वाफा निघतात’ असे म्हणतात. किती नेमका शब्द! सोळा वर्षांच्या मुलीच्या गालांवर पानेच्या पाने खर्च करणाऱ्या साहित्यात अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाईच्या या वाफांना किती ओळी आल्या?

मराठवाड्यात तर अठ्ठेचाळीसची वाट पाहावी लागत नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजूर स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी २०१९ मध्ये राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांवर स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांत चाळिशीच्या आतल्या स्त्रियाही होत्या. गर्भाशयाबरोबर बीजाशये काढली तर इस्ट्रोजेन एकदम तुटते; ती ठेवली तरी त्यांचे काम लवकर थांबू शकते. म्हणजे पस्तिशीतली एक बाई फडात मोळी उचलताना थांबते, पदराने तोंड पुसते, आणि ऊन डोक्यावर असल्यामुळे बाकीच्यांना वाटते की उन्हानेच असेल. तिच्या चेहऱ्यावर जे चढले आहे ते ऊन नाही, लाज नाही, राग नाही. एका शस्त्रक्रियेचा आणि तिच्यामागच्या सगळ्या अर्थव्यवहाराचा तो पुरावा आहे. ‘आरक्त’ हा शब्द या चेहऱ्याला लावून पाहा. तो गळून पडतो.

तेव्हा मागणी साधी आहे. शिक्षकांनी गाथासप्तशतीतली ती गाथा आणि कुमारसंभवातला तो श्लोक अलंकारशास्त्राचा तास संपल्यावर एकदा चेहऱ्याचा पाठ म्हणूनही शिकवावा. समीक्षकांनी ‘ग्रामीण वास्तवाचे जिवंत चित्रण’ असे प्रशस्तिपत्र देण्याआधी त्या चित्रणातली माणसे कोणत्या रंगाची आहेत, आणि भावना दाटल्यावर तो रंग कुठे जातो, हे तपासावे. लेखकांनी मानेकडे, हातांकडे, आवाजाकडे, कानांच्या पाळ्यांकडे आणि वरच्या ओठावरच्या घामाकडे पाहावे, आणि काळवंडणे या क्रियापदाची कलंकातून सुटका करावी. प्रेमातही चेहरा काळवंडू शकतो. रक्ताला हरकत नाही.

विद्यार्थ्यांसाठी एक सोपा स्वाध्याय. पुढच्या खेपेला एखाद्या पुस्तकात गाल आरक्त झालेले दिसले की पेन्सिलीने समासात दोन प्रश्न लिहावेत: कोणाचे? आणि कोणी पाहिले? ज्या पुस्तकाला दोन्हींची उत्तरे देता येतील ते राखून ठेवावे. बाकीच्यांची यादी करून वर्गात वाचून दाखवावी. तेव्हा शिक्षकांचे कान तापलेच, तर तो रंग कसा दिसला तेवढे नीट पाहून वहीत टिपून ठेवावे.